गोव्याच्या हवेत घरची बिअर : फर्मेंटेशनचं तापमान सांभाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक-दोन बॅचेस करून झाल्या आहेत, कृती तंतोतंत पाळली आहे, स्वच्छतेत कसूर नाही, तरीही बिअरला थिनरसारखा वास येतो किंवा दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, अशा वाचकासाठी हे पान आहे. मापं २० लिटरच्या बॅचची आहेत, तापमानं सेल्सिअसमध्ये.

सुरुवातीलाच एक गोष्ट. गोव्यात मद्य तयार करायला अबकारी कायद्याखाली परवाना लागतो. ‘घरापुरतीच आहे, विकायची नाही’ म्हणून आपोआप सूट मिळते असं धरून चालू नका. सामान आणण्याआधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कचेरीत विचारून घ्या.

आपल्याकडे काजूचा रस ऐन उन्हाळ्यात उघड्यावर आंबतो आणि त्याची उत्तम फेणी होते. मग बिअरचेच एवढे लाड का?

कारण फेणी भट्टीवर चढते, बिअर चढत नाही. मार्च ते मे या उकाड्यात काजूचा रस स्वतःच्याच यीस्टवर आंबतो. आंबताना जे काही तयार होतं त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे भट्टीवाला पुढे ठरवतो. फेणीचा उग्र दरवळ ही तिची ओळखच आहे. माडाची सूर तर त्याच दिवशी प्यायची वस्तू. सकाळची सूर संध्याकाळी आंबट होते आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

बिअरमध्ये यीस्टने जे केलं ते सगळं ग्लासात उतरतं, गाळायला दुसरी पायरी नाही. नेहमीचं एल यीस्ट (एल हा बिअरचा एक प्रकार) १८ ते २० अंशांत शांतपणे काम करतं. तेच २८-३० अंशांत भराभर वाढतं आणि त्या घाईत जड अल्कोहोलं, म्हणजे फ्युझेल्स, आणि नको तितके एस्टर्स (फळांसारख्या वासाची द्रव्यं) तयार करतं. कृती, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवट, सुगंधी फुलं) सगळं तेच ठेवून फक्त तापमान बदललं, तर दोन वेगळ्या बिअर हातात येतात.

खोलीत २७ अंश आहेत. म्हणजे बिअरही २७ अंशांवरच आंबते ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. साखर आंबताना उष्णता बाहेर पडते. घनता १.०४८ वरून १.०१० वर उतरणाऱ्या २० लिटर वर्टमध्ये (आंबवायच्या, माल्टच्या गोड पाण्यात) साधारण १.६ किलो साखर संपते आणि त्यातून सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता निघते. ही सगळी आतच अडकली असती तर वर्ट दहा-अकरा अंशांनी तापलं असतं. बरीच उष्णता बादलीच्या भिंतीतून बाहेर जाते, तरी जोराच्या दिवसांत वर्ट खोलीपेक्षा ३ ते ५ अंश गरम असतं. म्हणजे तुमच्या २७ अंशांच्या खोलीत यीस्ट ३०-३२ अंशांत काम करतं.

म्हणून भिंतीवरचा थर्मामीटर विसरा. मोजायचं ते वर्टचं तापमान. बादलीला बाहेरून चिकटवायची एलसीडी पट्टी सुरुवातीला पुरते. मत्स्यालयाच्या दुकानात तशी सहज मिळते.

तापमान किती दिवस सांभाळायचं? महिनाभर बर्फ घालत बसणं शक्य नाही.

महिनाभर नकोच. यीस्ट टाकल्यापासूनचे पहिले ७२ तास सांभाळा. यीस्टची वाढ या काळात होते आणि फ्युझेल्स व एस्टर्सचा मोठा भाग याच वाढीत तयार होतो. चौथ्या दिवसानंतर वर्ट २१-२२ अंशांवर चढलं तर बिघडत नाही, उलट फायदा होतो. उरलेली साखर संपते आणि यीस्ट आपणच केलेला कचरा परत उचलतं. तीन दिवस रजा काढता येत असेल तर ती यीस्ट टाकायच्या दिवसापासून काढा. बाटल्या भरायच्या दिवशी रजेची एवढी गरज नसते.

कुठला वास कशामुळे आला हे कसं ओळखायचं?

नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनरचा वास आणि घशाला गरम चटका असेल, तर सुरुवातीचे दिवस फार गरम गेले. पिकलेल्या केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये तो हवा असतो, पेल एलमध्ये नको. लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास डायअॅसिटिलचा. बिअर यीस्टवरून लवकर काढली किंवा शेवटी एकदम थंड केली की तो राहतो. हिरव्या सफरचंदाचा वास बहुतेक वेळा बिअर अजून तयार नसल्याची खूण असते. आंबट दह्याचा वास आणि वर पापुद्रा दिसला तर दोष तापमानाचा नाही, जंतुसंसर्गाचा आहे. गरम आणि रेंगाळलेलं वर्ट त्यालाही आमंत्रण देतंच.

गोव्यात कुठल्या महिन्यांत किती मेहनत पडते?

मध्य डिसेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात हा सोपा काळ. किनाऱ्यावर रात्री २०-२१ अंशांपर्यंत उतरतं, वाळपई-सांगे भागात त्याहून थोडं खाली. पण दुपारी पारा ३१-३२ ला टेकतो, म्हणून ‘हिवाळा आहे, चालेल’ म्हणून बादली नुसती कोपऱ्यात ठेवू नका. रात्रंदिवसाची मोठी चढउतार यीस्टला मानवत नाही.

शिगम्यानंतर ते पाऊस येईपर्यंतचा काळ सगळ्यात अवघड. मे महिन्यात तर रात्रीसुद्धा २६ च्या आसपास असतं. पावसाळ्यात हवा २४ ते २९ अंशांत फिरते. ऐकायला बरं वाटतं, पण दमटपणामुळे बाष्पीभवनाचे सगळे उपाय निकामी होतात आणि वीज जाते ती वेगळी. ऑक्टोबरचा उकाडा मे महिन्याचाच धाकटा भाऊ.

घरातली जागाही मोजून बघा. जाड चिऱ्याच्या भिंतींचं जुनं कौलारू घर असेल तर तळमजल्यावरची, ऊन न लागणारी आतली खोली दुपारीसुद्धा स्लॅबखालच्या फ्लॅटपेक्षा दोन-तीन अंश थंड आणि मुख्य म्हणजे स्थिर असते. थर्मामीटर २४ तास तिथे ठेवून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लिहून काढा, मग पुढचा खर्च ठरवा.

वर्ट उकळल्यावर नळाच्या पाण्याने ३५ च्या खाली येतच नाही. काय करावं?

येणारही नाही. मे महिन्यात छपरावरच्या टाकीतलं पाणी दुपारी स्वतःच तापलेलं असतं, ते वर्टला स्वतःपेक्षा थंड करू शकत नाही. काम दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात इमर्शन चिलरमधून (वर्टमध्ये बुडवायच्या धातूच्या वेटोळ्या नळीतून) साधं पाणी सोडा. घरी विहीर असेल तर विहिरीचंच घ्या, ते टाकीच्या पाण्यापेक्षा थंड आणि वर्षभर जवळपास सारखं असतं. वर्ट ३५ वर आलं की नळ बंद करा. दुसऱ्या टप्प्यात बादलीत बर्फ आणि पाणी घ्या, त्यात डेझर्ट कूलरचा छोटा पंप टाका आणि तेच पाणी चिलरमधून फिरवत राहा. ३५ वरून १८ वर यायला हिशेबाने साडेतीन-चार किलो बर्फ लागतो, प्रत्यक्षात सहा ते आठ किलो धरा. मासळीसाठी विकतात तो फॅक्टरीतला लादीचा बर्फ चालतो, कारण तो फक्त नळीच्या बाहेर राहतो. वर्टमध्ये मात्र त्याचा तुकडाही पडू देऊ नका.

पंप नसेल तर १४ लिटर घट्ट वर्ट उकळा. आदल्या दिवशी उकळून, झाकून फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवलेलं ६ लिटर पाणी त्यात मिसळा. ३६ अंशांचं वर्ट त्याने २६ च्या आसपास येतं. मग निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी १७-१८ वर आलं की यीस्ट टाका. तेवढ्या तासांची वाट बघणं धोक्याचं वाटतं, पण भांडं स्वच्छ असेल तर गरम वर्टमध्ये यीस्ट टाकण्यापेक्षा ते कितीतरी बरं. ‘आधी यीस्ट टाकू, मग गार करू’ ही चूक सर्रास होते. यीस्ट गरमीत वाढून मोकळं होतं आणि आपण थंड करेपर्यंत नुकसान झालेलं असतं.

काचेचा कार्बॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली) वापरत असाल तर गरम काचेला बर्फाचं पाणी लावू नका. काच तडकते आणि २० लिटर वर्टासकट फुटते.

बादलीला ओला टीशर्ट गुंडाळून पंखा लावला तर?

कोरड्या हवेत ही युक्ती छान चालते, आपल्याकडे क्वचितच. ओलं कापड किती थंड होईल ते हवेच्या दमटपणावर ठरतं. जानेवारीच्या कोरड्या दुपारी, ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना, ते २२ च्या आसपास पोचू शकतं. जुलैत २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत ते २७ च्या खाली जाणार नाही. म्हणजे दोन अंशांसाठी सतत पंखा चालणार आणि भिंतीला बुरशी येणार. डिसेंबर-जानेवारीत करा, बाकी वर्षभर नाद सोडा.

फ्रिज अडवून ठेवता येत नाही. बर्फावर काम भागेल का?

भागेल, पण नीट बांधलेली पेटी हवी. मासळीच्या थर्माकोल पेट्या स्वस्त असतात, पण बऱ्याच उथळ असतात आणि वापरलेल्या पेटीचा वास काही केल्या जात नाही. त्यापेक्षा ५० मिमी जाडीचे थर्माकोलचे पत्रे आणून आतून ४५ × ४५ × ६५ सेंमीची उभी पेटी करा. पांढरा फेविकॉल लावा. सॉल्व्हंट असलेला रबरी डिंक थर्माकोल विरघळवतो. सांधे बाहेरून टेपने बंद करा. झाकणाच्या कडेला खिडकीला लावतात तशी फोमची पट्टी लावा, कारण अशा पेटीतली बरीच थंडी झाकणाच्या फटीतून पळते.

बर्फ किती लागेल? फ्रीझरमधून काढलेली १ लिटरची गोठलेली बाटली वितळून १८ अंशांपर्यंत येताना साधारण ४३० किलोज्यूल उष्णता ओढते. बाहेर २९ आणि आत १८ ठेवायचं असेल तर ५० मिमीच्या पेटीला दिवसाला अशा ३ ते ४ बाटल्या लागतात, २५ मिमीच्या पेटीला ६ ते ७. म्हणून जाड पत्र्याचे जास्तीचे पैसे पहिल्याच बॅचला वसूल होतात. एकूण आठ बाटल्या ठेवा : दोन-दोन सकाळ-संध्याकाळ पेटीत, उरलेल्या गोठत. गोठायला पूर्ण रात्र लागते हे विसरलं की तिसऱ्या दिवशी फजिती होते. गोठल्यावर पाणी फुगतं, म्हणून बाटली वरून दोन बोटं रिकामी सोडा.

बाटल्या फर्मेंटरला चिकटवून उभ्या करू नका, चार बोटं अंतर ठेवा. पेटीत संगणकाचा १२ व्होल्टचा छोटा पंखा सोडला तर हवा फिरते आणि वर-खाली तापमान सारखं राहतं.

दुसरी पद्धत पाण्याच्या टबाची. फर्मेंटर मोठ्या टबात ठेवायचा, वर्टच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरायचं आणि त्यात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या. पाणी हवेपेक्षा उष्णता फार चांगली ओढतं, त्यामुळे जोराच्या फर्मेंटेशनला टब पेटीपेक्षा भारी पडतो. २० लिटर वर्ट आणि ३० लिटर पाणी असताना एका बाटलीने दोन अंशांचा फरक पडतो. मात्र उघड्या टबाला बर्फ फार लागतो. टबाभोवती आणि खाली थर्माकोल लावाच. शिवाय साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डासांची पिल्लावळ होते. वर कापड बांधा आणि दर चार दिवसांनी पाणी बदला. पावसाळ्यात डेंग्यूचा प्रश्न आहे, यात ढिलाई नको.

जुना फ्रिज आणि तापमान बघून वीज चालू-बंद करणारा कंट्रोलर लावायचा आहे. कुठला फ्रिज घ्यावा?

एक दाराचा, डायरेक्ट कूल, १८०-१९० लिटरचा जुना फ्रिज. दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. फ्रॉस्ट-फ्री घेऊ नका. त्यातला डीफ्रॉस्टचा टायमर आणि पंखा सतत वीज मागतात, कंट्रोलर मधेच वीज तोडतो आणि दोघांचं जमत नाही. घेण्याआधी तुमची बादली एअरलॉकसकट (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पाण्याची झडप) उंचीला मोजा. आतला खालचा, मागचा उंचवटा कॉम्प्रेसरचा असतो, त्यावर बादली तिरकी बसते. समोर फळी टाकून पातळी करा. वरचा फ्रीझर आड येतो म्हणून तो वाकवू किंवा कापू नका, त्याच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात.

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंडवर ठेवा, म्हणजे तो मधे लुडबुडणार नाही. वीज द्यायची की तोडायची ते कंट्रोलर ठरवेल. एसटीसी-१००० हा स्वस्त कंट्रोलर सर्वांना परिचित आहे. घेताना २२० व्होल्टचाच आहे ना ते बघा. त्यात फक्त फेजची तार तोडून रिलेतून न्यायची. न्यूट्रल आणि अर्थिंग फ्रिजपर्यंत अखंड जायला हवं. सगळं प्लास्टिकच्या बंद डब्यात बसवा. ओल्या हातांनी, सांडलेल्या पाण्याजवळ चालणारी ही वस्तू आहे. वायरिंगची सवय नसेल तर वीजतंत्र्याकडून करून घ्या आणि त्या लाइनवर आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा. तारांमध्ये हात घालायचाच नसेल तर तयार प्लग-सॉकेटचे कंट्रोलर मिळतात, थोडे महाग.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारी हवा उघड्या टर्मिनलांना लवकर गंजवते. वर्षातून एकदा स्क्रू सोडून घासा. ज्या गावांत व्होल्टेज कमी मिळतं तिथे स्टॅबिलायझरशिवाय कॉम्प्रेसर टिकत नाही.

कंट्रोलरवर कोणते आकडे लावायचे?

एफ१ हे हवं ते तापमान : सुरुवातीला १८. एफ२ हा फरक : ०.५ ठेवा, फ्रिज फारच वेळा चालू-बंद होत असेल तर १. एफ३ म्हणजे कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा चालू होण्याआधीचा थांबा : ५ मिनिटं किंवा जास्त, कमी कधीच नको. वीज गेली आणि लगेच आली तर हाच थांबा कॉम्प्रेसर वाचवतो. एफ४ सेन्सरची दुरुस्ती. ग्लासात कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घेऊन ढवळा, सेन्सर पाच मिनिटं बुडवा. आकडा ० यायला हवा. १.२ आला तर एफ४ मध्ये उणे १.२ भरा. नवीन कंट्रोलर एक-दोन अंश चुकलेला असणं अगदी नेहमीचं आहे, आणि तेवढ्या चुकीने पेल एल केळ्याची होऊ शकते.

सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू की बादलीला लावू?

बादलीला. वर्टच्या पातळीच्या मध्यावर बाहेरून टेपने घट्ट चिकटवा आणि वरून घडी केलेला स्पंज किंवा बबल रॅपचे तीन-चार थर लावा, म्हणजे तो फ्रिजच्या हवेचं नाही, भिंतीआडच्या वर्टचं तापमान वाचेल. हवेत ठेवलात तर हवा १८ वर राहील आणि आतलं वर्ट २२ वर बसेल. शिवाय दार उघडताच कॉम्प्रेसर धावेल.

बादलीला लावल्यावर उलटी अडचण येते. वर्ट हळू थंड होतं, तोवर फ्रिजची हवा ५-६ अंशांवर जाते आणि बंद झाल्यावरही तापमान अर्धा-एक अंश खाली घसरतं. स्टीलच्या फर्मेंटरमध्ये हे कमी दिसतं, जाड प्लास्टिकमध्ये जास्त. एका अंशाने काही बिघडत नाही. त्रास झालाच तर थर्मोवेल, म्हणजे झाकणातून वर्टच्या मध्यापर्यंत जाणारी बंद स्टीलची नळी, बसवून सेन्सर तिच्यात सोडा.

साध्या पेल एलसाठी दिवसवार वेळापत्रक द्याल का?

यूएस-०५ हे सुकं एल यीस्ट धरू. कंपनीची मर्यादा १८ ते २६ आहे, पण स्वच्छ चवीसाठी खालच्या टोकाला राहा. १७ वर ११.५ ग्रॅमचं पाकीट टाका. १.०५५ च्या वरचं वर्ट असेल तर दीड पाकीट. तीन दिवस १८. चौथ्या दिवशी १९, पाचव्या दिवशी २०, सातव्या दिवसापासून २२, आणि हायड्रोमीटरचा (घनता मोजणाऱ्या काचनळीचा) आकडा तीन दिवसांच्या अंतराने सारखा येईपर्यंत तिथेच. थंड देशांत या टप्प्यावर हीटर लावावा लागतो. आपल्याकडे एफ१ चा आकडा वाढवला की काम झालं, बाकीचं हवा करते.

हायड्रोमीटर बहुधा २० अंशांवर जुळवलेला असतो. ३० अंशांचा नमुना घेतलात तर वाचनात साधारण ०.००२५ मिळवा.

थंड करण्याआधी डायअॅसिटिलची परीक्षा घ्या. दोन छोट्या बाटल्यांत बिअर घेऊन झाका. एक ६०-७० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्हींचा वास घ्या. गरम केलेलीला लोण्याचा वास आला तर अजून तीन दिवस २२ वरच. नाही आला तर २-४ अंशांवर दोन दिवस. त्या वेळी आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, म्हणून एअरलॉकमध्ये साध्या पाण्याऐवजी व्होडका घाला.

मधेच वीज गेली तर?

दार उघडू नका. २० लिटर द्रव सहजासहजी तापत नाही. बंद फ्रिजमध्ये दोन-तीन तासांत फार तर अंशभर फरक पडतो, जोराच्या दिवसांत त्याहून थोडा जास्त. वादळी पावसात सहा-आठ तास वीज जाईल असं दिसत असेल तर घरच्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये आधीच दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवा आणि चौथ्या तासाला एकदाच दार उघडून त्या आत ठेवा. जून ते ऑगस्टमध्ये ही तयारी कायमच ठेवावी.

पावसाळ्यात फ्रिजच्या आत पाणी सुटतं आणि गॅस्केटवर काळी बुरशी धरते. कपाटात ठेवतात ती ओलावा शोषणारी डबी आत ठेवा, गॅस्केट आठवड्याला पुसा.

एसी लावला तर? किंवा पेल्टियरचा (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या पट्टीने गार करणारा) छोटा कूलर?

एसी २४ वर ठेवलात तर वर्ट २७-२८ वर. १८ अंश वर्टसाठी खोली १५ वर आणावी लागेल, तेवढी बहुतेक एसींची धाव नाही. पेल्टियर ३२ अंशांच्या खोलीत २० लिटर वर्टला पुरत नाही, वीज मात्र खातो. दोन्ही सोडा.

थंड करायचंच नसेल, तर उष्णतेत चालणारं यीस्ट नाही का?

आहे, आणि गोव्यातल्या नवशिक्याने खरं तर तिथूनच सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. नॉर्वेच्या शेतघरांतून आलेलं क्वाइक यीस्ट, त्यातलं लॅलेमंड कंपनीचं व्हॉस, २५ ते ४० अंशांत चालतं आणि ३५-४० मध्ये सर्वांत खुलतं. त्याला हलकी संत्र्याची चव येते, थिनरची नाही. तीन-चार दिवसांत आंबून मोकळं होतं. यीस्ट न्यूट्रिएंट पाकिटावरच्या मापाने घालायला विसरू नका, नाहीतर हलक्या वर्टमध्ये हे यीस्ट अडून बसतं.

इथे उलटीच काळजी घ्यावी लागते : जानेवारीत व्हॉस थंड पडतं. ३५ वर यीस्ट टाका आणि तीच थर्माकोलची पेटी बर्फाशिवाय वापरा. फर्मेंटेशनची स्वतःची उष्णता आत कोंडली की काम भागतं.

दुसरा पर्याय बेल सेझाँ यीस्ट, १५ ते ३५ अंश. मिरीसारखी तिखट, कोरडी बिअर होते, माशाच्या कालवणाबरोबर फार छान जाते. पण हे यीस्ट इतरांना न पचणाऱ्या जड साखरादेखील हळूहळू फोडत राहतं. घाईने बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. आकडा १.००५ च्या खाली जाऊन आठवडाभर हलत नाही तोवर भरू नका. नळ्या, झारे, बादल्या नीट धुवा, नाहीतर पुढच्या बॅचमध्येही तेच यीस्ट शिरेल.

बीआरवाय-९७ या एल यीस्टची मर्यादा १५ ते २२. चव स्वच्छ, पण फ्रिजशिवाय आपल्याकडे त्याच्या वाटेला जाऊ नका.

बाजारातल्या किंग्ज बिअरसारखी फिकट लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) घरी होईल का?

फ्रिज असेल तर होईल. डब्ल्यू-३४/७० या लागर यीस्टची मर्यादा १२ ते १८ आहे. १२-१३ वर एक आठवडा, मग १७ वर चार दिवस, मग २ अंशांवर निदान तीन आठवडे. यीस्ट दुप्पट लागतं : २० लिटरला दोन पाकिटं. बर्फाच्या पेटीत १२ अंश आठवडाभर धरून ठेवणं मे महिन्यात जवळजवळ अशक्य आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर ३१ दिसले. बॅच ओतून देऊ का?

लगेच नको. दर २४ तासांत चार-पाच अंशांनी खाली आणा. एकदम १८ वर आपटलंत तर यीस्ट तळाशी बसेल आणि फर्मेंटेशन अर्ध्यावर थांबेल. मग २१-२२ वर दोन आठवडे यीस्टवरच राहू द्या. सफरचंदाचा आणि लोण्याचा वास जातो, केळं थोडं मवाळ होतं. फ्युझेलचा चटका मात्र कितीही मुरवलं तरी जात नाही. चाखून घसा जळाला तर ओतून द्या, पाहुण्यांना देऊ नका.

उलट, आकडा १.०२० वर अडकला असेल आणि बिअर १६ वर असेल तर बादली हलक्या हाताने गोल फिरवा आणि २१ वर आणा. एस-०४ सारखी लवकर तळाशी बसणारी यीस्ट्स थंडीत हमखास असं करतात.

बाटल्या भरताना तापमानाचा काय संबंध?

साखरेच्या मापाशी सरळ संबंध आहे. फर्मेंटेशन संपल्यानंतर बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानावर राहिली, त्यावर तिच्यात किती कार्बन डायऑक्साइड उरला ते ठरतं. २० अंशांवर ०.८६ व्हॉल्यूम (म्हणजे लिटरभर बिअरमध्ये ०.८६ लिटर गॅस), ३० वर ०.७ च्या आसपास. नंतर थंड केली म्हणून तो परत येत नाही. २.४ व्हॉल्यूम फेसासाठी पहिल्या बिअरला लिटरमागे ६.२ ग्रॅम पांढरी साखर, दुसरीला ६.८. वीस लिटरला १२४ आणि १३६ ग्रॅम. साखर एका कप पाण्यात उकळून, गार करून, सबंध बॅचमध्ये मिसळा. चमच्याने बाटलीत मोजत बसू नका.

जाड, परत घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्याच वापरा. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत फेस धरतो. त्या काळात क्रेट अंधाऱ्या जागी, गोणपाट टाकून झाकून ठेवा. आठव्या दिवशी एक बाटली थंड करून उघडा. फेस पुरेसा असेल तर सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये हलवा. मे महिन्यात बाहेर राहिलेली बिअर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, आणि हॉप्सचा वास त्याही आधी उडून जातो.